सिनेमा सांगावा तं वामनानं

त्या संध्याकाळी आमी दोघं क्वार्टरच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलून राह्यलो होतो अन् मी बायकोले, कौसल्येले, सिनेमा सांगून राह्यलो होतो. एवढंच. काय सांगू तुमाले, सकाळी बाई उठलीच नाही.

मी भंडाऱ्याकडचा, चार बुकं शिकलो. भिलाईले आलो, भट्टीवर लागलो, सेक्टर सहात क्वार्टर भेटलं. कौसल्येले सिनेमाचा लय नाद, पन साखरेच्या बिमारीनं तिची नजर गेली. मंग शेजारचा वामन, टाइम ऑफिसातला बाबू, तो सिनेमा पाहून ये अन् तिले सांगे. बसा वहिनी, म्हने, अन् सांगे कसा, सिनेमात बुढा असन तं तो खोकलते कसा, चष्म्याले दोरा कोन्त्या रंगाचा, पोरीच्या लग्नाच्या दिवशी त्याच्या ताटात काय होतं. अर्धा घंटा त्या बुढ्याले दारातच उभा ठेवे अन् इकडे हिची पोळी तव्यावर जळे. मंग आठ दिवस तिचं तेच, जेवला असन का बाप्पा तो. अन् मी भट्टीवरून भाजून आलो, मले कोन इचारते? खरं सांगतो, मी वामनावर जळो, अन् त्या परद्यावरच्या बुढ्यावर बी जळो.

मंग एकडाव छुट्टी टाकून मीच नवा सिनेमा पाह्यला, वामनाच्या आधी. घरी आल्याबरोबर सांगितलं, धाकटा भाऊ मेला, मोठा जेलात गेला. भट्टीवर पाळी बदलताना असंच सांगा लागते, काय बंद पडलं ते आधी, कसं पडलं ते मागून. कौसल्या हासली. अवो, मेला काय म्हनता, त्याची ओळख तं होऊ द्या, मी रडू कोनासाठी? वामनभाऊजीले इचारा कसं सांगतात. इचारा म्हने! अंगाची आग झाली माह्या.

पन मी हट्टी. त्या संध्याकाळी तांगेवाल्याचा सिनेमा सांगितला, घोड्याच्या नावापासून, सावकाश. त्याचं पळून गेलेलं पोरगं दारात येऊन उभं राहते, तिथं मी थांबलो. मंग? म्हने. मी म्हनलं, उद्या. अवो, आत गेलं का नाही, सांगा ना. मी म्हनलं, उद्या. असा फुगलो होतो मी.

सकाळी हात लावला तं थंड. न सांगता ठेवलं ना मी! कोनाले हाक मारली नाही, सीधा वामनाच्या दारात गेलो. तो दाढी करून राह्यला होता. म्हने, दादा, इतक्या सकाळी? मी इचारलं, त्या तांगेवाल्याचं पोरगं आत जाते का नाही, ते तू तिले सांगितलं होतं का?

हाओ, म्हने, मागच्याच इतवारी. वहिनीनं दोनदा सांगायले लावलं. कावून?

पुन्हा वामनच पहिला. अन् सारं मालूम असून मले मंग, मंग करत होती ती.

मी म्हनलं, तोंड धू अन् चाल घरी. तुही वहिनी गेली.