ओढ्याची ओळ

दवाखान्याच्या बाकावर आत्या आणि भाची. भाचीच्या मांडीवर रडून लाल झालेलं बाळ.

“आत्या, गाव सोडल्यापासून याच्या डोळ्याला डोळा नाही गं. तुझीच अंगाई म्हणते मी.”

“म्हण बघू.”

“पाखरं निजली, लव्हाळी निजली,
चांदणी पाण्यात वाकून निजली,
सोन्याच्या पाळण्यात—”

“थांब! सोन्याचा पाळणा कुठून आणलास?”

“तू तिथे गप्प बसायचीस. वाटलं, ओळ विसरलीस. मग मीच रचली.”

“अगं शहाणे, ती ओळ ओढ्याची! आपण थांबायचं, दारचा ओढा म्हणायचा.”

“इथे कुठला आलाय ओढा?”

“तू थांब तर खरी.”

“पाखरं निजली, लव्हाळी निजली,
चांदणी पाण्यात वाकून निजली…”

भाची तिथेच थांबली. रडणंही थांबलं.

“आत्या… हा कान देतोय!”

“श्श. ओढ्याची ओळ पुरी होऊ दे.”