पालथा घातलेला दगड

आरं, ती मोबाइलची बत्ती आधी विझवा. शेकोटी हाय की एवढी! सिमेंटच्या पोत्यांची राखण करायची म्हंजे रातभर जागायचंच हाय, मंग ऐका गुमान. आन ए वैजू, तू बी बस. सरपंच झालीस म्हणून बापाचं ऐकायचं न्हाई, असं कुटं लिवलंय? दुपारी शाळेच्या खोलीचा पाया खणताना कोरीव दगड लागला, आन तू ह्या पोरांस्नी म्हणालीस, "बोंबलू नका, सकाळच्याला वरनं काँक्रीट वता." म्या ऐकलं. माझं कान आजून शाबूत हायती. म्हणून आज ही गोष्ट. माझी सोताची हाय, कुणाकडनं ऐकल्याली न्हाई.

तर ऐका. वैजू तवा चार म्हयन्यांची. म्या मुकादम व्हतो, खैराच्या वड्याजवळ सडकंचं काम चाललं व्हतं. वड्यावर मोरी बांधायची, पाणी खालनं जायला. बारा बाया-बाप्ये माझ्या हाताखाली. खणता खणता पहार वाजली. ठण्ण! माती सारली, तर ह्यो एवढा पुरुषभर दगड. वर चंद्र-सूर्य कोरल्यालं. खाली ढाल-तलवार घेतलेला गडी, आन त्याच्या मागं गाया. वीरगळ! कुण्या काळी चोर गावाच्या गाया हाकून न्ह्यायला लागलं आसतील, ह्यो गडी आडवा झाला, मेला. गावानं त्याच्या नावाचा दगड हुबा केला.

बाया लागल्या पाया पडायला. एकीनं कनवटीची कुंकवाची पुडी काढली. म्या वराडलो, "खबरदार! कुंकू लागलं की देव झाला. देव झाला की कुणी हलवू देत न्हाई. काम बसलंच मंग!" पावसाच्या आत मोरी पुरी करायची व्हती आन ठेकेदार रोज डोस्क्यावर नाचत व्हता. आन दगड कसा? लांब, सपाट. मोरीवर आडवा टाकायला मुद्दाम घडवल्यागत. म्या म्हनलं, "घाला पालथा. चित्रं खाली, पाठ वर." सहा गडी लागलं. घातला पालथा. सकाळच्याला वरनं काँक्रीट वतायचं ठरलं. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "मुकादम, मरदाला त्वांडावर पाडलासा." म्या हसलो. हसलो बरं का!

दिवस मावळला आन गावाकडनं सांगावा आला. "वैजू आज पयल्यांदा पालथी पडली." आरं, पयलं लेकरू! कवा जाऊन बघीन असं झालं. पालथी हा शबूद ऐकून तवाच खटकायला पायजे व्हतं. न्हाई खटकलं. भाकरी खाल्ली आन निघालो. दोन कोसाची तर वाट, चांदणं पडल्यालं, खांद्यावर पटका.

मोरी वलांडली, आन पुढं गायींच्या गळ्यातल्या घंट्या वाजल्या. बघतो तर एक गडी चाललाय. पाठमोरा. घोंगडं पांघरल्यालं.

"काय पाव्हणं, कुनीकडं?"

"गाया हुडकतोय."

आवाज कसा? तोंडात मोठा घास असल्यागत. म्या आधी पाय बघितलं त्याचं. आपल्याला शिकवलंय की, भुताचं पाय उलटं. ह्याचं सरळ! म्हनलं, चला, माणूस हाय, सोबत झाली. त्याच्या मागं मागं चाललो. चाललो, चाललो, चाललो. आन बघतो तर पुढं काय? मोरी!

चकवा! आरं, चकवा लागला! पुन्हा निघालो. ह्या वक्ताला गडी समोरनं माझ्याकडं येत व्हता. ऐका नीट. येत व्हता माझ्याकडं, आन दिसत व्हती पाठ! जवळ आला, तरी पाठच. तवा कळलं, पाय बघून काय उपेग, गड्याला तोंडच न्हाई!

पळालो. आजा सांगायचा, चकवा लागला की अंगातलं उलटं घालावं. सदरा उलटा घातला. टोपी उलटी केली. वहाणा बी ह्या पायातली त्या पायात. हसू नका रं! पळालो तसाच उलट्या वहाणा फरफटत. आन पुन्हा मोरी!

तिथंच ठेच लागली आन त्वांडावर आपटलो. त्याच दगडावर. उठाय गेलो तर पाठीवर वजन. दगडाचं वजन. तोंडात माती शिरली. थुकतोय, पर माती सरंना. श्वास घेता येईना. आन कानाजवळ त्योच आवाज, "मुकादम, कशी लागतीया माती?"

म्या म्हनलं, सोड बाबा, चुकलो. तर म्हणतो कसा, "तुझी लेक बी पालथीच हाय. तोंड गोधडीत हाय. घरात कुणी जागं न्हाई."

बाबांनू, माझं काळीज फाटलं. म्या रडलो. मोठ्यानं रडलो, सांगायला लाज कसली! माझा जीव गेला तरी चालंल, पर ते चार म्हयन्यांचं लेकरू! पालथं पडायला शिकलंय, उलटून परत यायला आजून शिकल्यालं न्हाई. आन तवा टकुऱ्यात उजेड पडला. आरं गाढवा, सदरा काय उलटा करतोस? जे उलटं घातलंयस ते सुलटं कर की!

पाठीवरचं वजन तसंच घेऊन सरपटत पहारीकडं गेलो. पहार दगडाखाली घातली आन जोर लावला. सहा गड्यांचा दगड! "भैरोबा, माझ्यासाठी नगं, लेकीसाठी बळ दे!" आन दगड असा उलथला, जसं बाई सूप उलथती. पाठीवरचं वजन गेलं. पटक्यानं त्या गड्याचं तोंड पुसलं. नाकातली माती काढली, डोळ्यांतली काढली. चांदण्यात मिश्या सुदिक दिसल्या. वड्यापल्याड घंट्या वाजत वाजत लांब गेल्या. गाया घावल्या आसतील त्याला.

म्या पळालो. सरळ गाव! दार लोटलं. वैजूची आय गाढ झोपल्याली. आन ही बया उताणी! डोळं टक्क उघडं, मूठ चोखत पडल्याली. उचलून दिव्याजवळ न्हेली. कपाळावर, नाकावर, दोनी गालांवर गोधडीचं टाकं उमटल्यालं. लाल लाल. म्या तसाच भुईला टेकलो. हिला छातीशी धरलं ते उजाडंस्तवर सोडलीच न्हाई.

सकाळी काम थांबवलं. ठेकेदारानं आय-माय काढली, काढू दे. तलाठ्याला सांगितलं, तलाठ्यानं तहसीलदाराला. आठव्या दिवशी पुरातत्त्व खात्याच्या बाई आल्या. तवर म्या भ्यापोटी दगडाला शेंदूर फासून ठेवला व्हता. बाई ज्या खवळल्या! "शेंदूर कुणी लावला? दगड जागचा का हलवला? सापडला तिथंच ठेवायचा, झाकायचा आणि आम्हाला कळवायचं." म्या हात जोडलं. बाईंनी फोटू काढलं, मापं घेतली, मोरी धा हात पल्याड सरकवायला सांगितली. पावसाच्या आधी पुरी झाली. ऐकतीस नव्हं वैजू? काम थांबलं, बुडलं न्हाई. शाळा बी व्हईल तुझी.

काय म्हणतीस? आजपातुर का सांगितलं न्हाई? कसं सांगणार पोरी! तुझ्या आयला सुदिक ठावं न्हाई. ती झोपली व्हती म्हणून जन्मभर सोताला दोष देत बसली आसती.

ए जालिंदर, पाया खणायला तू व्हतास की, वैजू काय इचारतीया? दगड कसा पडलाय? उताणा? नक्की? तोंड वर हाय नव्हं? बास. बास, देवच पावला. माझा तर जीव दुपारपासनं टांगणीला लागला व्हता.

तर बाळांनू, घावल्याल्या दगडाला पालथा घालून कामाला लागायचं, त्या वाटंला कवा जाऊ नका.

अगं, कुटं निघालीस अंधारात? फोन सकाळी कर, आता तहसीलदार झोपला आसंल. ताडपत्री पायजे? घे, माझ्या बुडाखालची घे. जालिंदर, उठ, बत्ती धर तिच्यापुढं. आता लाव खुशाल मोबाइलची.

आन वैजू, गालावरनं काय हात फिरवतीस? टाकं कवाच गेलं, येडे. जा, झाकून ये त्याला.