पानावरची साखर

उदगीरच्या बस स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या हातात निलगिरीची डहाळी होती. पानांवर साखरेचे दाणे चिकटावेत तसे पांढरे ठिपके.

"काय म्हनले गं शिल्पा, शेतकीचे साहेब?"

"कीड हाय म्हनले, आत्याबाई."

"कशाची कीड? साखर हाय ती. रोज साक्षीच्या जिभेवर ठेवते मी."

"साखरच हाय, पन किडीनं केलेली. बारीक पिल्लू पानाचा रस पितं, त्याच्याच साखरेचं घर बांधतं आन् आत बसून ऱ्हातं."

"माझ्या व्यंकटची राख त्याच झाडाच्या बुडाशी टाकली आपन. तिच्या बापानं साखर धाडली म्हनून देते मी पोरीला."

"हाव. पन झाड वाळून राहिलंय. शेंड्याची पानं समदी गळाली. औषध फवारा म्हनले, न्हाईतर झाड जाईल."

"झाडबी?"

"हाव."

"मग फवार. साक्षी शाळेत गेल्यावर फवार. पन तिला किडीचं सांगू नको. लई जीव हाय तिचा त्या साखरंवर."

"तिला ठावं हाय."

"कोनी सांगितलं?"

"तिनंच एक घर काडीनं उचकटून बघितलं. आतलं पिल्लू मला दाखवलं. दिवाळीतच."

"दिवाळीत? आन् आज सकाळीबी जीभ काढली की तिनं माझ्यापुढं!"

"तुमी पान घेऊन दारात उभ्या ऱ्हाता, आत्याबाई. पोरीला न्हाई म्हनवत न्हाई."