हेमाने भरलं, देविकाचं थकलं

...नाही, पण राग येणार नाही तर काय होईल? हाऊस टॅक्स भरलेला, पावती हातात, तरी दारात स्मरणपत्र! 'आपका गृहकर बकाया है. पंद्रह दिन में जमा करें, अन्यथा कुर्की.' कुर्की म्हणजे जप्ती! आई लगेच फ्रिजकडे बघायला लागली. आणि ऑफिसात जाऊन बोलायचं कोणी? मी! वर्गात 'प्रेझेंट मॅम' म्हणतानासुद्धा जिचा आवाज फुटत नाही, ती मी! का, तर बाबांचं हिंदी ऐकून लखनौचे लोक आधी हसतात आणि मग ऐकतात.

आता गोम सांगते तुम्हाला. इंदिरा नगरचं आमचं घर आईच्या नावावर, देविका फणसे. पण तिचं माहेरचं नाव हेमा. लग्नात ताटातल्या तांदळावर नवीन नाव लिहितात ना, तसं बदललं. बँकेतलं खातं मात्र तिने कधी बदललंच नाही. टॅक्सचा चेक त्याच खात्याचा! म्हणजे भरलं हेमाने आणि थकलं देविकाचं!

गेलो मी आणि बाबा. खिडकीतले बाबू पान चघळत म्हणतात, "बिटिया, ये हेमा कौन हैं?"

"मम्मी."

"और देविका?"

"वो भी... मम्मी."

"अच्छा! दो-दो!"

अहो, अख्खी रांग वळली! मागचा एक भैया बाबांना न्याहाळत म्हणतो, "देखने में तो सीधे लगते हैं." संताप संताप झाला माझा! पण तांदळातलं नाव हिंदीत समजवायचं कोणी? मी! "शादी में चावल पर..." एवढंच म्हटलं, तर बाबू म्हणतात, "चावल छोड़िए, पिताजी से लिखवा दीजिए कि दोनों इन्हीं की हैं."

आणि बाबांनी लिहिलं हो! एवढे शास्त्रज्ञ, प्रयोगशाळेत थेंब थेंब मोजणारे, आणि लिहितात काय? 'हेमा एवं देविका दोनों मेरी धर्मपत्नी हैं.' खाली सही! मी कोपराने ढोसतेय आणि हे शुद्धलेखन तपासतायत! ठप्पा पडला, बाकी मिटली, बाबा विजयी मुद्रेने स्कूटरवर.

काल दुसरं पत्र आलं. मोठ्याने वाचायचं कोणी? मीच! 'भवन में दो परिवार निवास करते हैं, अतः कर दोगुना किया जाता है.'

बाबांनी तोंडासमोर पेपर धरला. उलटा.

आई पोळ्या लाटत होती. तिने मानही वर केली नाही.

"भरा," म्हणाली. "पण त्या दुसरीला सांगा, निदान संध्याकाळच्या पोळ्या तरी तू कर."