बंपरवरचा ओरखडा

ताई : आधी शटर ओढ, गुंड्या.

गुंड्या : भर दुपारी? गिऱ्हाईक आलं तर गॅरेज बंद म्हणून परत जाईल की.

ताई : अर्धं तरी ओढ. आणि इकडे ये, गाडीच्या पुढे. डाव्या दिव्याखाली बघ. तिथे काहीतरी लागलंय.

गुंड्या : हां, दिसलं. बारीकसा पोचा आहे आणि ओरखडा. कुठे घासलीस?

ताई : ओरखड्यात रंग आहे ना? कुठला आहे?

गुंड्या : म्हणजे काय? जगभर चित्रं विकणारी तू, आणि रंग मला विचारतेस? मी आपला पत्रे ठोकणारा माणूस.

ताई : थट्टा नको रे. सांग ना.

गुंड्या : लाल आहे.

ताई : लाल.

गुंड्या : अगं, अशी पांढरीफटक का पडलीस? बस, त्या टायरवर बस. पाणी आणतो.

ताई : पाणी नको. रक्त आहे का ते?

गुंड्या : रक्त?

ताई : नीट बघ. हात लावून बघ. मला समजत नाहीये.

गुंड्या : ताई, काय झालंय?

ताई : आधी बघ.

गुंड्या : थांब, चष्मा लावतो. ... नाही, रक्त नाही. नखाने सालपट निघतंय. रंगच आहे, साधा ऑइलपेंट. आता बोल.

ताई : कापडबाजाराच्या चौकात. तासभर झाला असेल. सिग्नल सुटला असं वाटून मी गाडी काढली, तो सुटलेला नव्हता. खट्ट असा आवाज झाला. आरशात बघितलं तर नुसती गर्दी. मागून सगळे हॉर्न वाजवायला लागले. ब्रेक कुठला तेही उमगेना. मी थांबले नाही, गुंड्या. तशीच निघून आले.

गुंड्या : तू? कुत्रं आडवं आलं तरी खाली उतरून बघणारी तू?

ताई : हो, मी.

गुंड्या : पण सिग्नल दिसला कसा नाही?

ताई : दिवा दिसला. लाल की हिरवा, ते नाही कळलं. उभ्या सिग्नलला वरचा दिवा लाल, हे पाठ आहे, त्यावर माझं भागतं. त्या चौकातला आडवा आहे. मी गोंधळले.

गुंड्या : पाठ आहे? कधीपासून पाठ करून गाडी चालवतेस?

ताई : दोन वर्षं होतील. डोळ्यामागची नस वाळत चाललीय म्हणे. आधी लाल-हिरवं जातं, मग बाकीचं. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं.

गुंड्या : आणि ती तपकिरी चित्रं? पेपरात छापून आलं होतं, बाईंनी आता रंगांचा मोह सोडला. कात्रण लावलंय मी त्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

ताई : मोह कसला सोडतेय. ट्यूबवरची नावं वाचून रंग घेत होते. चुकेन या भीतीने माती आणि राखेच्या पलीकडे हात जाईना. लोकांना ते आवडलं.

गुंड्या : मला का नाही सांगितलंस?

ताई : तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

गुंड्या : भाऊजींना?

ताई : त्यांनाही नाही. कुणालाच नाही. सांगू काय? नऊ वर्षांची असताना बाबांनी ट्रकचा मागचा फाळका दिला रंगवायला...

गुंड्या : आणि तू ससा काढलास. ड्रायव्हर म्हणाला, ट्रकवर ससा कशाला?

ताई : बाबा म्हणाले, पळतो जोरात, राहू दे. तेव्हापासून गाडीचा पत्राच माझा कागद. पुढे परमुलखात, एका बंदराच्या गावी, उस्तादबाईंच्या घरी राहून बस रंगवायला शिकले. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना. त्या माझं मनगट धरून ब्रश फिरवायच्या. शेंदऱ्याशेजारी हिरवा असा बसवायच्या की बस उभ्या जागी हलतेय असं वाटायचं. मग लग्न करून थंडीच्या देशात गेले. तिथे सगळ्या गाड्या करड्या. सासूबाई लाकडी पेट्यांना रोगण द्यायच्या, एकावर एक तीस हात, प्रत्येक हात घासून. मी भंगारातून गाड्यांचे दरवाजे आणले आणि त्यांच्या शेजारी बसले. तीन घरांत तीन तऱ्हेने शिकले रे, पण शिकले ते रंगच. तेच जाताहेत.

गुंड्या : रडू नकोस. ऐक माझं. दहा मिनिटांचं काम आहे. पोचा काढतो, घासतो, फवारा मारतो. गाडी मुळात राखाडी, जुळवायला सोपी. ओरखडा होता हे तुलाही आठवणार नाही.

ताई : त्यासाठीच आले होते.

गुंड्या : मग झालं तर. ऊठ तिथून, कॉम्प्रेसर चालू करतो.

ताई : थांब. ऑइलपेंट म्हणालास. म्हणजे समोर मोटार नव्हती.

गुंड्या : नसावी. उंचीवरून सायकल वाटते.

ताई : कंपनीचा रंग आहे?

गुंड्या : छे. ब्रशने मारलाय. हे बघ, सालपटाला दोन थर आहेत. खाली अस्तर, वर लाल, मधे घासलंय. घरीच कुणीतरी सावकाश बसून केलंय. बाबा करायचे तसं.

ताई : दे इकडे ते सालपट.

गुंड्या : ताई? मारू का फवारा?

ताई : सायकलवर माणूस असतो, गुंड्या.

गुंड्या : माहितीये.

ताई : चल माझ्याबरोबर. चालत जाऊ. ही किल्ली तुझ्याकडे ठेव, मी मागितली तरी देऊ नकोस.

(कापडबाजाराचा चौक. कोपऱ्यावर पंक्चरचं दुकान.)

गुंड्या : दादा, दुपारी इथे एका सायकलला गाडी घासली का हो?

पंक्चरवाला : घासली म्हणजे? ही काय टांगलीय सायकल. मागच्या चाकाचा पार आठ झालाय. तुम्ही कोण?

ताई : माणूस कसा आहे?

पंक्चरवाला : आजोबा? ते उतरून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होते म्हणून वाचले. सायकल हिसकली गेली आणि ते मटकन खाली बसले. कोपर सोललंय. इथेच बसवलं त्यांना, पाणी दिलं.

ताई : चालता येतंय ना त्यांना?

पंक्चरवाला : चालत गेले की. पण काय हो, गाडीवाला वळूनसुद्धा बघेना. कशी माणसं असतात.

ताई : गाडी माझी होती.

गुंड्या : ताई, जरा...

ताई : मीच चालवत होते. सिग्नल लागलेला होता.

पंक्चरवाला : अहो, बाईमाणूस तुम्ही, चांगल्या घरातल्या दिसता. मग पळालात कशाला?

ताई : घाबरले.

पंक्चरवाला : तेही घाबरले होते. ग्लास तोंडाला लावता येईना, सगळं पाणी सदऱ्यावर. शेवटी मी पाजलं.

ताई : राहतात कुठे?

पंक्चरवाला : मागच्या गल्लीत, छापखान्याच्या वर. पण संध्याकाळी सायकल न्यायला येणारच आहेत. तोवर थांबा की इथे.

गुंड्या : तेच बरं. संध्याकाळी येऊ, ताई. तोवर तूही सावरशील.

ताई : संध्याकाळपर्यंत मला दहा सबबी सुचतील. आत्ताच जाऊ. तिथून पोलीस चौकीत.

गुंड्या : चौकीत कशाला? त्यांनी तक्रार केली नसेल तर?

ताई : तरीही. डोळ्यांचं तिथेच लिहून देते, लायसन्सही ठेवून येते, म्हणजे ते परत मागायला तोंड राहणार नाही.

गुंड्या : आणि प्रदर्शनासाठी रंगवायला घेतलेली ती बस? निम्मी कोरी आहे अजून. डोळ्यांचं बाहेर फुटलं की बोलतील लोक.

ताई : बोलू देत. दादा, छापखाना कुठल्या हाताला?

पंक्चरवाला : डाव्या. कडेने लोखंडी जिना आहे. आणि बाई, दार वाजवून थांबा जरा. ऐकू कमी येतं त्यांना.

(मागची गल्ली. छापखान्याची कडेची बाजू.)

ताई : हाच ना रे जिना?

गुंड्या : हाच. ताई, हात दे.

ताई : पायऱ्या दिसताहेत मला, गुंड्या.

गुंड्या : तुझ्यासाठी नाही म्हणत. मला भीती वाटतेय.