नाव आत्यानंच ठेवायचं

"हॅलो?... हां, कोण?... अरे, अतुल! थांब, थांब, हात मटारानं भरलेत माझे... हां. आता बोल राजा."

सुमित्राबाईंनी फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरला आणि सोलणं पुन्हा सुरू केलं. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहात तीस वर्षं रिसेप्शनला काढलेली बाई ती. फोन खांद्यात धरून दोन्ही हातांनी काम करायचं, हे तिला झोपेतसुद्धा जमलं असतं.

बाल्कनीत थंडीतलं छान ऊन आलं होतं आणि समोर वेताच्या मुढ्यावर त्यांचा थोरला भाऊ, बळवंतराव, मटार सोलायला बसला होता. द्वारकेतच दोन सेक्टर पलीकडे राहायचा आणि रोज दुपारी बहिणीकडे चालत यायचा. 'अतुल' हे नाव कानावर पडताच त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मी इथं आहे हे सांगायचं नाही, असा त्याचा अर्थ. अतुल त्याचा एकुलता एक मुलगा. चार महिने झाले, बापलेक एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते.

"काय म्हणतोस?... नाव अजून ठरलंच नाही? अरे, रविवारी उद्घाटन ना तुमच्या बारचं?... पाटीवाला कधी येतोय?... चार वाजता? आणि आत्ता वाजले किती?... सव्वातीन! शाबास रे माझ्या वाघा."

"मला काय विचारतोस पण? मी आयुष्यात कधी बारची पायरी चढले आहे का?... हो... हो, तुझं नाव मीच ठेवलं, ते खरं... अरे, पण ते बारसं होतं... बारसं! बारसं कळत नाही? नामकरण रे!... अच्छा... म्हणजे आमच्यात नाव आत्यानंच ठेवायचं असतं, असं सांगितलंस तू सलोनीला? धंद्याचंसुद्धा?... आणि ती हो म्हणाली? गुणाची आहे हो तुझी पार्टनर."

आता खरं सांगायचं तर बाई आतून हरखल्या. मान कुणाला नको असतो? पाटीवाला यायच्या ऐन वेळेला का होईना, पोराला आत्या आठवली.

"चलो, सांग. काय काय काढलीत नावं?... 'टल्ली'? शी! पुढचं... 'दख्खन डार्क'? हे काय, चॉकलेट विकणार आहात का?... 'चौथा पेग'. अरे, मग पहिले तीन कुठं प्यायचे, शेजारच्या दुकानात?... 'ढगात'? ढगात म्हणजे?... अच्छा, वर गच्चीवर आहे म्हणून. नको रे बाबा. घरचे विचारतील कुठं गेला, तर सांगायचं ढगात गेला?... हसू नकोस, बिल्कुल नको ते नाव."

बळवंतरावांच्या मिशा हलल्या. हसू लपवायला त्यांनी एक शेंग नको इतकी निरखून पाहिली.

"आणखी?... हं... हं... नाही. ते नाही, अतुल... अरे ऐक ना... मला ठाऊक आहे तुझ्या मनात आईचंच नाव आहे ते. मन नाही मोडायचं मला तुझं. पण ते नाही."

बळवंतरावांचा हात थांबला. त्यांनी खिशातलं पेन काढलं. छत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या मंत्रालयात फायलींच्या समासात शेरे मारण्यात गेलेली. घरीसुद्धा बोलण्यापेक्षा लिहिणं त्यांना सोपं वाटायचं. टरफलांखालचा पेपर त्यांनी जरा ओढून घेतला आणि कडेला लिहिलं: 'मान्य नाही.' खाली दोन रेघा मारल्या आणि पेपर बहिणीकडे सरकवला.

सुमित्राबाईंनी तो टरफलांसकट परत सरकवला.

"मी सांगते काय होईल ते. तुझ्याकडे प्यायला आलेला एखादा पोरगा बायकोला फोन करणार आणि म्हणणार, 'यार, मैं हेमलता में बैठा हूँ.' चालेल?... 'कल रात हेमलता के बाहर झगड़ा हो गया.' चालेल तुला?... बघ. नाही ना चालत?... मग त्याला कसं चालेल रे? बायको होती त्याची. दोनच वर्षं झालीत तिला जाऊन."

"नाही रे, तुझा चेहरा बघायचा नाही असं काही नाही... कोण म्हणतं?... हो, राग आलाय. पक्की नोकरी सोडलीस, त्याचा आला. बार काढतोस, त्याचा आला. पण तो राग आठ दिवसांचा होता. पाटीवर तिचं नाव घालणार म्हणालास ना, तिथं तो माणूस दुखावला. राग वेगळा आणि दुखणं वेगळं, राजा."

बळवंतरावांनी मान खाली घातली. बहिणीला एवढं सगळं कळत असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"बरं, मला एक सांग. तुला एवढं आईचंच नाव कशाला हवंय?... सांग ना. नीट सांग."

यानंतर बराच वेळ सुमित्राबाई नुसत्या 'हं... हं...' करत राहिल्या. मटार सोलायचे थांबले. डोळे उगाचच समोरच्या सोसायटीच्या गच्चीकडे लागले.

"हो... आठवतं तर... लक्ष्मीबाई नगरचं ते खालचं सरकारी क्वार्टर... हो, संध्याकाळी पाणी मारून खुर्च्या मांडायची वहिनी... घोषबाबू, नायरांची ती चार पोरं, वरचे सरदारजी... कोण कुठल्या राज्यातला, सगळे तुमच्या अंगणात... हो ना, कुणाला घरी एकटं बसू द्यायची नाही... म्हणजे, गुडगावात एकेकट्या खोल्या घेऊन राहणारी ही पोरं-पोरी आहेत, त्यांना तसं अंगण द्यायचं म्हणतोस तू?... अरे, मग हे किती छान आहे! हे बाबांना सांगितलंस कधी?"

"नाही सांगितलंस?... मग काय सांगितलंस चार महिन्यांपूर्वी?... काय?... 'स्केलेबल कॉन्सेप्ट'? अरे कर्मा! आणि आईचं नाव 'ब्रँड' म्हणून 'कनेक्ट' होतं म्हणालास? बापासमोर?... गाढवा! बँकेला सांगायचं ते बापाला सांगून आलास की रे!"

बळवंतराव मान वर करून बहिणीकडे बघतच राहिले. फोनमधलं त्यांना ऐकू येत नव्हतं. पण बहिणीच्या तोंडून अंगण, पाणी, खुर्च्या सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी पेपर पुन्हा जवळ ओढला आणि 'मान्य नाही' वर एक आडवी रेघ मारली. त्या नादात मांडीवरची परात कलली.

"दादा, अरे मटार सांडतायत, बघ की!"

बोलून गेल्यावर सुमित्राबाईंनी जीभ चावली.

"अं?... कोण दादा?... अरे ते... घोष दादा! घोष दादा आलेत ना भेटायला... काय?... वारले?... कधी?... अगं बाई, हो की. मागच्या वर्षी. मीच गेले होते की रे भेटायला... मग कोण म्हणजे? टीव्ही आहे... हो, बंगाली सिरियल लागलीय. त्यात सगळेच दादा असतात... मटारसुद्धा असतात. तुला काय करायचंय?"

तीस वर्षं लोकांना 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं बिनदिक्कत सांगणारी बाई. भाच्याच्या पुढ्यात मात्र तिला एक धड थाप मारता येईना. बळवंतरावांनी कपाळाला हात लावला.

 सुमित्राबाई दोनदा 'हॅलो?' म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"हो... घेतो... सकाळची गोळी न चुकता घेतो... गुडघा? बरा आहे आता. माझ्याकडे चालत येतो रोज... स्वेटर?... निळा?... हो रे, तोच, तू पहिल्या पगारात आणलेला. अंगातून काढतच नाही. कोपरावर विरलाय, दुसरा घे म्हटलं तर ऐकेल तर शपथ..."

बळवंतरावांनी स्वतःच्या कोपराकडे पाहिलं. तिथं खरंच भोक पडलं होतं. त्यांनी हात हळूच मांडीखाली घेतला.

"नाही, हे मी आपलं... बंगाली सिरियलमधलं नाही सांगत, तुझ्या बापाचं सांगतेय. तूच विचारलंस ना?... चलो, ते राहू दे. नावाचं बोल. वाजले किती?... साडेतीन? देवा रे. थांब, विचार करू दे जरा."

विचार बळवंतराव करत होते. पेनाचं टोपण दातात, नजर पेपरवर. एखादी अडलेली फाईल समोर असावी तसे ते बसले होते. मग त्यांनी एकदम लिहायला घेतलं. चार ओळी लिहिल्या, खाली सवयीनं सही केली, तारीखसुद्धा टाकली. पेपर बहिणीच्या मांडीवर ठेवला आणि उन्हाकडे तोंड फिरवलं.

सुमित्राबाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. वाचलं. पहिल्याच दोन शब्दांवर त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

'जेवूनच जा.'

वहिनीचे शब्द. त्या क्वार्टरच्या दारातून कुणी निघालं, की ती चौकटीला हात लावून उभी राहायची. जेवूनच जा. मग तो घोषबाबू असो, मीटर बघायला आलेला माणूस असो नाही तर दुसऱ्या घराची बेल दाबायच्या ऐवजी चुकून हिची दाबलेला कुणी परका असो. सरदारजींना साऱ्या मराठीतले तेवढेच दोन शब्द येत होते आणि ते वहिनीला हाकच मारायचे, 'जेवूनच जा भाभी' म्हणून. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांनाही ती तेच म्हणायची आणि कॉटखालची केळी काढायला लावायची.

"नाही... आहे, आहे मी लाईनवर... सर्दी झालीय जरा... ऐक, अतुल. नाव सापडलं मला... नाही, असं नाही सांगणार. बसल्याबसल्या नाव ठेवत नाहीत. उठू दे मला."

सुमित्राबाई उठल्या. मांडीवरची टरफलं सगळ्या बाल्कनीभर झाली. त्यांनी पदर सारखा केला आणि फोन खांद्यातून काढून दोन्ही हातांत धरला, अगदी छत्तीस वर्षांपूर्वी पाळण्यापाशी वाकताना धरलं होतं त्या अंगड्यातल्या बाळासारखा.

"फोन कानाला नीट लाव... कुठलाही कान चालेल रे! आणि सलोनीला सांग, आता मध्ये बोलायचं नाही... बारशात कसं असतं, आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करते, नाव सांगते, आणि बाकीच्या बायका मागून तिच्या पाठीत धपाटे घालतात... हो रे, रीतच आहे ती. तुझ्या वेळी वहिनीनं नायरबाईला पुढं केलं होतं, पाठ आठ दिवस दुखत होती माझी... आता? आता कोण घालणार? एकटीच तर आहे मी इथं... चालवून घेऊ. ऐक हं. कुर्रर्र..."

पाठीवर हात पडला. एकदा, मग दुसऱ्यांदा. धपाटे कसले, थोपटल्यासारखेच होते ते. सुमित्राबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर नाव तोंडातून फुटलंच नसतं.

"जेवूनच जा!... तुझ्या बारचं नाव, 'जेवूनच जा'."

सुमित्राबाईंनी फोन कानाशी आणखी घट्ट दाबला.

"अतुल?... ऐकू आलं ना?... अरे... अरे वेड्या, रडतोस काय असा? पाटीवाला येईल ना आता... सलोनीकडे दे फोन... बरं, नको देऊस. रड मग, रड थोडं."

"हो... येईल म्हणता सगळ्यांना. सरदारजींना येत होतं, तुझ्या गुडगाववाल्यांना न यायला काय झालं?... आणि खाली एक अटही आहे. लिहून घे. रिकाम्या पोटी कुणाला ग्लास द्यायचा नाही. आधी खायला, मग प्यायला... आणि जो एकटा आला असेल, त्याला वाढायला कुणी तरी स्वतः जायचं, वेटरवर सोडायचं नाही... अट कुणाची म्हणजे? माझी! आत्या आहे ना मी?... नाव कुणाला सुचलं? मलाच... हो, मलाच... अरे, किती चौकशा करतोस!"

"येणार की रविवारी. बिल्कुल येणार. दोन खुर्च्या ठेव पुढच्या... दुसरी कुणाला?... पर्स ठेवायला! माझी पर्स मोठी असते, माहीत आहे ना तुला?... हसतोस काय?... हॅलो?... अतुल?... हॅलो?... कट झाला वाटतं."

सुमित्राबाईंनी फोनकडे पाहिलं. भाऊ खाली वाकून टरफलं गोळा करत होता, मुद्दाम एकेक करून.

"ठेवलाच त्यानं," त्या म्हणाल्या. "असा मध्येच कसा ठेवला कुणास ठाऊक."

एवढ्यात मुढ्याशेजारी ठेवलेल्या पिशवीत फोन वाजायला लागला. बळवंतरावांचा. त्यांनी तो काढला, नाव वाचलं आणि हातात धरून नुसतेच उभे राहिले. दोनदा वाजला. तीनदा वाजला.

"उचल की रे दादा!"

बळवंतरावांनी घसा साफ केला, स्वेटर खाली ओढला.

"हॅलो?... हं... हो, मीच... तीच, बंगाली सिरियल..." मग ते म्हणाले, "जेवलास का?"