तेलाचा डबा मी भरला

मी, गॅरेजवाल्याची बायको, वय चोवीस, शिक्षण चौथी, काम घरी बसून उशा आणि सीटच्या गाद्या भरणं, राहणार डेपोमागे, गॅरेजवरची खोली. आज दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी आपल्या पायाने पोलीस ठाण्यात आले. मला कुणी बोलावलं नाही. सोबत सात महिन्यांचं बाळ आहे. समोर बसून सांगते ते असं.

आधी शाळेच्या व्हॅनला फोन करा, मग लिहा, असं मी दोनदा म्हटलं. हवालदार म्हणाले, "लावतोय फोन. तू बोलत राहा, बाई."

आज सकाळी सातला स्टँडवर टॅक्सी पेटली. टॅक्सीवाल्या भाऊंचा उजवा हात भाजला. त्या गाडीत आमच्या गॅरेजात बनवलेला तेलाचा डबा होता, म्हणून आमच्या ह्यांना इथे आणून बसवलंय. क्लिप सैल राहिली असेल, चूक माझीच, असं हे तुम्हाला म्हणाले म्हणे. ते खरं नाही. त्यांना माहीतच नाही.

डबा कशाला असतो ते विचारलं म्हणून सांगते. इंजिनातून वाफेबरोबर तेल वर येतं. ते परत आत ओढलं जाऊ नये म्हणून मध्ये डबा बसवतात. एका नळीने वाफ डब्यात येते, आतल्या तारेच्या घासणीला तेल चिकटतं आणि खाली बसतं, दुसऱ्या नळीने हवा निघून जाते. बाजारातला तयार डबा ह्यांनी आणून उघडला होता. आत काहीच नाही, नुसता पोकळ. हे म्हणाले, "वरून नवरदेव, आतून रिकामा." मग माझे स्वयंपाकघरातले दोन स्टीलचे डबे घेतले. मी म्हटलं, "इंजिनाची सोय झाली, माझी साखर कशात ठेवू?" हे म्हणाले, "पिशवीत ठेव, मुंग्यांनाही लांब पडायला नको." आम्ही हसलो.

ही गोष्ट परवा सकाळची. नळ्या बसवून झाल्या. क्लिपा कमी पडल्या म्हणून हे दुकानात निघाले. जाताना म्हणाले, "एकेकात दोनच घासण्या टाक. हलक्या हाताने. हवेला वाट राहू दे, नाहीतर इंजिन मिळेल तिथून तेल बाहेर फेकेल." बाळ रडत होतं. मी हो म्हटलं.

घासण्या आठ होत्या. उरवून काय करायच्या, म्हणून मी चार-चार घातल्या. आणि मुठीने दाबल्या. उशी भरताना कोपरा पोकळ राहिला तर माल परत येतो, म्हणून माझा हात दाबतोच. मी झाकणं लावून ठेवली. ह्यांनी उघडून बघितलं नाही. माझ्यावर भरवसा ठेवला.

एक डबा टॅक्सीला लागला. दुसरा काल संध्याकाळी शाळेच्या व्हॅनला. व्हॅनवाल्या मावशी आमच्याच गल्लीत राहतात. आज पावणेबाराच्या सुमारास मी उशी भरत होते. मूठ आत गेली आणि तिथेच थांबली. डब्यांतली हवेची वाट मी अशीच दाबून बुजवली, तेल बाहेर उडून तापल्या इंजिनावर पेटलं, हे कुणी सांगितलं नाही, माझं मलाच कळलं. मी मावशींच्या घरी पळाले, कुलूप होतं. फोन लावला, उचलत नाहीत. गाडी चालवताना त्या फोन घेत नाहीत. एरवी मी त्याचं कौतुक करते.

शाळा साडेबाराला सुटते. व्हॅनमध्ये तेरा मुलं असतात. त्यातली एक आमची मोठी, पहिलीतली. ती मागच्या सीटवर बसते, दार पुढे आहे.

सव्वाबाराला ठाण्यातले एक शिपाई मोटरसायकलवर शाळेकडे गेले. मला आत टाकलं तर बाळाचं काय, असं मी विचारलं. हवालदार पुन्हा फोन लावत होते.

बारा पन्नासला फोन आला. व्हॅन शाळेपासून दोन चौकांवर अडवली. मुलं उतरवून भिंतीशी उभी केली. मोजली, तेरा भरली. बॉनेटखालून तेल ठिबकत होतं, धूर निघायला लागला होता. डबा उघडला तर आत बोट जाईना. आमची मोठी दप्तर गाडीत राहिलं म्हणून रडतेय, असं शिपायांनी सांगितलं. मी बाळाला पाजायला घेतलं. जबाब पंधरा मिनिटं थांबवला.

मला वाचायला वेळ लागतो म्हणून हवालदारांनी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात "पतीच्या देखरेखीखाली घासण्या भरल्या" असं एक वाक्य होतं. हवालदार म्हणाले, "राहू दे की. तुझ्यावरचं ओझं हलकं होईल." मी म्हटलं, हे दुकानात होते. त्या वाक्यावर काट मारून घेतली. बाकीचं मी सांगितलं तसंच आहे. बाळ डाव्या हातावर घेऊन सही केली.